ठोसा चुकविणारा आणि टाळी वाजविणारा



जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर एक आरोळी हमखास ऐकू येते. दोन पैलवान मानेला मान लावून घुमत राहिले, खडाखडी लांबली, कोणीच डाव टाकीना, की कडेने बसलेली मंडळी ओरडू लागतात, ‘अरे, कुस्ती करा, कुस्ती!’ पंच बरोबरीत सोडवायला पुढे झाले की गलका आणखी वाढतो. लोकांना निकाली कुस्ती हवी असते. त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. उन्हातान्हात चार कोस चालून आलेला माणूस काहीतरी घडलेले पाहायलाच आलेला असतो.

पण त्याच गर्दीत एखादा जाणता वस्तादही बसलेला असतो. एका पैलवानाने पट काढायला झेप घेतली आणि दुसऱ्याने कंबर मागे टाकून ती झेप फुकट घालविली, तर वस्तादाच्या तोंडून ‘वा!’ निघून जाते. शेजारच्याला वाटते, यात ‘वा’ म्हणण्यासारखे काय झाले? काहीच तर झाले नाही! वस्तादाला मात्र ठाऊक असते की पुष्कळ काही झाले.

मुष्टियुद्धात, म्हणजे बोलताना ज्याला आपण बॉक्सिंग म्हणतो त्या खेळात, हाच वाद गेली सव्वादोनशे वर्षे चालू आहे. ठोसा मारणारा मोठा की ठोसा चुकविणारा? पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाचे बचावाच्या कलेने समाधान होते का? आणि होत नसेल, तर दोष कोणाचा, खेळणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा? वरवर पाहता हा खेळाचा आणि करमणुकीचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात माणसाच्या मेंदूचा आणि उरलेल्या आयुष्याचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून तो जरा इतिहासाच्या अंगाने पाहू.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा खेळ उघड्या मुठींनी चाले. हातमोजे नाहीत, फेरीला वेळेचे बंधन नाही. एक जण खाली गेला की फेरी संपली. १७४३ साली लंडनच्या जॅक ब्रॉटन नावाच्या मल्लाने पहिले लेखी नियम घालून दिले. पडलेल्या माणसाला मारायचे नाही, त्याला कमरेखाली धरायचे नाही, पडलेल्याने अर्ध्या मिनिटात पुन्हा समोर उभे राहायचे, असे ते नियम होते. कमरेच्या वर धरून आपटायला मोकळीक होती. तेव्हा हा खेळ निम्मा मुष्टियुद्ध आणि निम्मी कुस्ती असाच म्हणायचा. समोरासमोर पाय रोवून उभे राहायचे आणि ठोशाला ठोसा द्यायचा, जो मागे सरेल तो भित्रा, अशी त्या काळची मर्दानगीची कल्पना होती.

या कल्पनेला धक्का दिला तो डॅनियल मेंडोझा या तरुणाने. तो लंडनच्या पूर्व भागातल्या ज्यू वस्तीत वाढलेला. उंची पाच फूट सात इंच, वजन सुमारे १६० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने बहात्तर-त्र्याहत्तर किलो. त्या काळी वजनाचे गट नव्हते. हलक्याला भारी गडी अंगावर घ्यावाच लागे. आता बघा, असा माणूस पाय रोवून ठोशाला ठोसा देत बसला तर त्याचे काय होईल? मेंडोझाने दुसरी वाट धरली. येणारा ठोसा हाताने अडवायचा, अंग बाजूला घ्यायचे, मान वळवून ठोसा वाऱ्यावर जाऊ द्यायचा, आणि मारणाऱ्याचा तोल सावरायच्या आत आपला हात त्याच्या अंगावर पोचवायचा. आपल्याकडे वस्ताद डावाबरोबर त्याची तोड शिकवितो, तसाच हा प्रकार.

लोकांनी काय म्हटले असेल? पुष्कळांनी याला भित्रेपणा म्हटले. पण रिचर्ड हम्फ्रीज या त्या वेळच्या नामांकित मल्लाशी त्याच्या तीन लढती झाल्या. १७८८ ची पहिली तो हरला. १७८९ ची आणि १७९० ची त्याने जिंकली. मौज अशी की १७८९ च्या लढतीत ठोसा न लागताच खाली बसल्याचा आरोप आला तो मेंडोझावर नव्हे, पाय रोवून लढणाऱ्या हम्फ्रीजवर! त्याच वर्षी मेंडोझाने मुष्टियुद्धाच्या कलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने शाळा काढून शिष्य शिकविले आणि नाटकगृहांतून आपल्या कलेची प्रात्यक्षिके केली. ज्या विद्येला लोक भित्रेपणा म्हणत होते, तीच पाहायला आणि शिकायला लोक पैसे देऊ लागले.

हे कसे झाले? मला वाटते, याचे कारण साधे आहे. जोवर लोकांना चुकविण्यातली करामत दिसत नव्हती तोवर ते हसत होते. ती उलगडून दाखविली तेव्हा पाहू लागले. १७९५ साली जॉन जॅक्सन या थोराड गड्याने मेंडोझाला हरविले, तेही त्याचे लांब केस एका हातात धरून आणि दुसऱ्या हाताने मारून. त्या वेळच्या नियमांत त्याला बंदी नव्हती. पण मेंडोझाची विद्या त्याच्याबरोबर संपली नाही.

पुढचा मोठा बदल १८६७ चा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये क्वीन्सबरीचे नियम म्हणून ओळखले जाणारे नियम प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातांत मोजे, धरून आपटायला बंदी, आणि पडलेल्याने दहा सेकंदांत आपल्या पायांवर उठायचे. आजच्या मुष्टियुद्धाचा पाया हाच. मोज्यांमुळे खेळ सौम्य झाला, असे आपल्याला वाटते. पण ते अर्धेच खरे. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर मारणाऱ्याचीच बोटे मोडण्याची भीती. मोज्याने मारणाऱ्याचा हात वाचविला. खाणाऱ्याचे डोके वाचविले नाही. उलट आता डोक्यावर निर्धास्तपणे मारता येऊ लागले. तेव्हा डोके चुकविण्याची विद्या पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

या नव्या नियमांखाली ७ सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे एक लढत झाली. एका बाजूला जॉन सलिव्हन. अमेरिकेचा लाडका. उघड्या मुठींच्या काळातला शेवटचा मोठा विजेता, १८८९ साली पंचाहत्तर फेऱ्या लढून जिंकलेला. तो येई, मारी आणि समोरचा पडे. पाहणाऱ्याला काही समजून घ्यावे लागत नसे. दुसऱ्या बाजूला जेम्स कॉर्बेट, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेत कारकुनी केलेला, नीटनेटका, सव्वीस वर्षांचा तरुण. सलिव्हन त्याच्यापेक्षा कितीतरी भारी.

घंटा झाली. सलिव्हन चालून आला. कॉर्बेट बाजूला सरकला. पुन्हा चालून आला, पुन्हा सरकला. प्रेक्षक हुर्यो करू लागले. हा लढायला आलाय की पळायला? पण कॉर्बेट नुसता सरकत नव्हता. सलिव्हनच्या ठोशाला किती वेळ लागतो, खांदा कधी हलतो, हे तो मापून घेत होता. तिसऱ्या फेरीत त्याचा हात सलिव्हनच्या नाकावर असा बसला की रक्त वाहू लागले. मग फेरीमागून फेरी सलिव्हन हवेला ठोसे मारीत राहिला. ज्यांनी कधी जोराने घण उचलून तो ऐरणीवर न लागता खाली जाऊ दिला असेल, त्यांना कळेल की नेम धरून मारण्यापेक्षा चुकलेला घाव माणसाला अधिक थकवितो. एकविसाव्या फेरीत सलिव्हन पडला आणि उठला नाही.

सभागृहाने काय करावे? जे हुर्यो करीत होते तेच कॉर्बेटच्या नावाने आरोळ्या ठोकू लागले. कॉर्बेटने पुढे आपल्या आठवणीत लिहिले आहे की, कालपर्यंत सलिव्हनला डोक्यावर घेणारे लोक इतक्या झटकन फिरलेले पाहून त्याला त्या गर्दीची किळस आली. आणि तरीही, श्रोतेहो, लोकांच्या मनात सलिव्हनची जागा कॉर्बेटला कधी मिळाली नाही. डोक्याने जिंकणाऱ्याचा लोक आदर करतात, पण प्रेम करतात ते छातीने लढणाऱ्यावर. हा मानवी स्वभाव आहे. त्याला नुसती नावे ठेवून भागणार नाही.

आता आपण येतो १९२६ सालाकडे. जगज्जेता जॅक डेम्सी, खाणींच्या गावांतून भटकत वर आलेला, वाघासारखा झेपावणारा. त्याला आव्हान देणारा जीन टनी, पहिल्या महायुद्धात नौसैनिक दलात असलेला, पुस्तके वाचणारा, शेक्सपिअरवर बोलणारा. लोकांना त्याचे हे वाचनही खटके. मुष्टियोद्ध्याने कशाला पुस्तके वाचावीत! २३ सप्टेंबर १९२६ ला फिलाडेल्फियाच्या मैदानात सुमारे एक लाख वीस हजार माणसे जमली. पावसात दहा फेऱ्या झाल्या. टनी अंतर राखून, सरकत, नेमके ठोसे देत राहिला आणि गुणांवर जिंकला. डेम्सीचे तोंड सुजून गेले होते. पत्नीने विचारले, झाले तरी काय? तो म्हणाला, ‘अगं, मी खाली वाकायला विसरलो.’ बघा हं, हल्ल्याचा राजा म्हणून ज्याची ख्याती, त्यानेही आपल्या पराभवाचे कारण सांगितले ते बचावातल्या चुकीचे!

वर्षाने, २२ सप्टेंबर १९२७ रोजी, शिकागोत दोघे पुन्हा भेटले. सातव्या फेरीत डेम्सीने टनीला खाली पाडले. नियम असा होता की पाडणाऱ्याने दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात जायचे, मगच पंच आकडे मोजणार. डेम्सी उतावळेपणाने तिथेच उभा राहिला. पंचाने त्याला कोपऱ्यात धाडून मोजणी सुरू केली आणि नऊच्या आकड्याला टनी उठला. प्रत्यक्षात तो सुमारे चौदा सेकंद खाली होता. ही ‘लांबलेली मोजणी’ मुष्टियुद्धाच्या इतिहासात अजून वादाचा विषय आहे. पण आपल्याला पाहायचे आहे ते त्यानंतरचे. उठलेला टनी लढला नाही. तो मागे मागे, गोल गोल फिरत राहिला. डेम्सीचे थकलेले पाय त्याला गाठू शकेनात. शेवटी डेम्सी थांबला आणि हाताने खुणावू लागला, ‘ये ना, लढ!’ टनी गेला नाही. डोके ताळ्यावर येईपर्यंत तो दूर राहिला, पुढच्या फेरीत त्याने डेम्सीलाच क्षणभर खाली बसविले आणि लढत गुणांवर जिंकली.

ही लढत रेडिओवरून सांगितली गेली आणि कोट्यवधी लोकांनी ती ऐकली, असा त्या वेळचा अंदाज होता. रेडिओवरच्या भाषणात रेडिओचा एक दोष सांगितला तर रागावू नका. लागलेला ठोसा आवाजातून सांगता येतो. बसला, पडला, उठला, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण न लागलेला ठोसा कसा सांगायचा? मान चार बोटे बाजूला गेली, पाय अर्धे पाऊल सरकला, हे वर्णन पुरे होईतो आणखी तीन ठोसे येऊन गेलेले असतात. बचावाच्या कलेला आधी गर्दीत लांब बसलेल्याचा डोळा पारखा होता. आता कानही पारखा झाला.

टनीचे पुढे काय झाले? १९२८ साली त्याने टॉम हीनीशी न्यू यॉर्कला लढत केली आणि जिंकली. पण प्रेक्षक इतके कमी आले की लढत भरविणाऱ्याला मोठा तोटा झाला. डेम्सी मात्र हरून अधिकच लोकप्रिय झाला. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर बाजाराने देऊन टाकले म्हणायचे: लोकांना बचाव नको. प्रेक्षक नसेल तर लढत नाही, लढत नसेल तर मुष्टियोद्ध्याच्या घरात चूल नाही. प्रेक्षकाची बाजू अशी भक्कम आहे.

पण त्याच १९२८ सालच्या ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली. न्यू जर्सीतले एक डॉक्टर, हॅरिसन मार्टलँड, यांनी अमेरिकेच्या वैद्यक संघाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. डोक्यावर वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते, हात थरथरतात, बुद्धी मंदावते, हे खेळातल्या लोकांना ठाऊक होते. दारू न पिता झिंगल्यासारखा चालतो म्हणून त्यांनी त्याला नावही ठेवले होते. मार्टलँड यांनी ही चेष्टेची गोष्ट नसून मेंदूची इजा आहे, असे वैद्यकीय भाषेत मांडले. विशेष हे की हा विकार मुख्यतः कोणाला होतो? जे एक ठोसा देण्यासाठी दोन ठोसे खायला तयार असतात त्यांना; म्हणजे गर्दीला जे सर्वांत आवडतात त्यांनाच! आणि टनी? तो त्याच वर्षी जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. पुढे पन्नास वर्षे शाबूत बुद्धीने जगला, उद्योगधंद्यात नाव कमावले. त्याचा मुलगा अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. १९७८ साली तो वारला. ‘ये ना, लढ’ या खुणेला त्याने ‘नाही’ म्हटले, ते किती मोलाचे होते!

याच्या उलट कहाणी महंमद अली यांची. हे नाव तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १९६४ साली बावीस वर्षांचा हा तरुण जगज्जेता झाला तेव्हा जुने जाणकार नाके मुरडीत. हा हात खाली ठेवतो, ठोसा अडविण्याऐवजी मान मागे घेतो, सारखा नाचतो! पण अलींनी एक मोठीच गोष्ट सिद्ध केली. बचाव रंजक असू शकतो. ठोसा नाकापासून दोन बोटांवरून जाई आणि प्रेक्षकांच्या तोंडून उद्गार निघे. त्यांचे न लागणेही लोक पाहत होते.

१९६७ मध्ये सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्यांचे पद गेले, आणि ते साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर राहिले. परत आले तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते. मग त्यांनी मार सोसायला सुरुवात केली. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासा शहरी तोवर एकही लढत न हरलेल्या जॉर्ज फोरमनसमोर ते दोरांना टेकून, हात तोंडावर धरून उभे राहिले आणि त्याला मारू दिले. फोरमन मारून मारून थकला, आठव्या फेरीत अलींनी त्याला पाडले. साऱ्या जगाला थरारून सोडणारी ही लढत मुळात बचावाची युक्ती होती, हे कितीजणांच्या लक्षात येते? मात्र हा बचाव चुकविण्याचा नव्हता, सोसण्याचा होता. पुढच्याच वर्षी मनिला येथे जो फ्रेझरशी चौदा फेऱ्या झाल्या. ती लढत आजही थरारक म्हणून सांगतात. १९७७ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी, आता थांबा, असे सांगितले. अली थांबेनात, तेव्हा डॉक्टरच त्यांना सोडून गेले. अली १९८१ पर्यंत लढले. १९८४ मध्ये त्यांना कंपवाताचे निदान झाले. डोक्यावरच्या माराचा त्यात वाटा किती, याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. पण ज्या माणसाच्या बोलण्याने जग हसे आणि चिडे, त्याची वाणी पुढची तीस वर्षे विझत गेली, हे सर्वांनी पाहिले. २०१६ साली ते गेले.

आणखी एक दाखला देऊन हा भाग संपवितो. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथे किम दुक-कू हा कोरियन तरुण रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत मागे न हटता लढला. लोकांना हवी असते तशीच लढत ती. चौदाव्या फेरीत तो पडला आणि काही दिवसांत मेंदूच्या इजेने वारला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यास सुरुवात झाली. तीन फेऱ्या कमी झाल्या, त्या अशा किमतीने.

आता म्हणाल, मग प्रेक्षकाने कंटाळवाणी लढतही मुकाट्याने गोड मानून घ्यायची का? नाही. सगळा बचाव एका मापाने मोजण्यातच आपली चूक होते. बचावाचे तीन प्रकार आहेत. पहिला, धोक्यापासून लांब राहणे. दुसरा, धोका बांधून ठेवणे. म्हणजे समोरच्याला मिठी मारून त्याचे हात अडकविणे, किंवा अंग आवळून बसणे. तिसरा, धोक्याच्या आवाक्यात उभे राहून तो चुकविणे आणि लगेच उत्तर देणे.

दुसऱ्या प्रकाराचा दाखला आपल्या परिचयाच्या कुस्तीतला आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ चटईला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा ठरली, तर तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळाला गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा लोकांचे समाधान झाले. अडीच तास चिकटून राहायलाही ताकद लागते, हे खरे. पण तिथे उत्तर नव्हते, नुसता नकार होता. लोकांचा राग रास्तच होता.

तिसऱ्या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे अमेरिकेचा पर्नेल व्हिटेकर. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियो येथे त्याची गाठ मेक्सिकोच्या हुलिओ सेसार चावेझशी पडली. चावेझ तोवरच्या सत्त्याऐंशी लढतींत एकही हरला नव्हता. साठ हजारांवर प्रेक्षक, बहुतेक चावेझचे. व्हिटेकर हाताच्या अंतरावर उभा राहून वाके, वळे, आणि चावेझचे ठोसे डोक्यावरून जाऊ देई. वर आपले नेमके ठोसे देई. रिंगणाजवळ बसलेल्या बहुतेक वार्ताहरांच्या मते व्हिटेकर स्पष्ट जिंकला होता. पण तीनांपैकी दोन पंचांनी लढत बरोबरीत दाखविली आणि निकाल बरोबरीचा लागला. म्हणजे चुकविण्याची कला न दिसणे हा केवळ मागच्या बाकावरच्या प्रेक्षकाचा दोष नाही. पुढच्या खुर्चीवरच्या पंचालाही तो जडतो.

आणि पहिला प्रकार, लांब राहण्याचा? २ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपाइन्सचा मॅनी पॅक्विआव यांची लढत झाली. लोक पाच-सहा वर्षे तिची वाट पाहत होते. एकट्या अमेरिकेत सेहेचाळीस लाख घरांनी नव्वद-शंभर डॉलर मोजून ती दूरचित्रवाणीवर पाहिली. मेवेदर डावा खांदा वर, उजवा हात गालाशी धरून ठोसे खांद्यावरून घसरू देतो. मोजणाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणे त्याचे १४८ ठोसे लागले, पॅक्विआवचे ८१. तिन्ही पंचांनी त्याला विजयी ठरविले. पुढे २०१७ मध्ये तो पन्नास लढतींत एकही न हरता निवृत्त झाला. कला निर्विवाद. तरीही त्या रात्री प्रेक्षकांनी हुर्यो केली. कारण एकदा गुण हाती आल्यावर त्याने धोका पत्करलाच नाही. जिंकण्यापुरते केले, त्यापलीकडे एक पाऊल टाकले नाही. या प्रेक्षकाला मूर्ख म्हणण्यात शहाणपणा नाही. मात्र एक गंमत ध्यानात घ्या: कंटाळवाणा म्हणून ज्याला नावे ठेवायची, त्यालाच पाहायला एवढ्या लोकांनी पैसे भरले. कोणीतरी याला एकदा पाडील, या आशेनेही पुष्कळ जण आले असतील.

तेव्हा माझ्या मते उत्तर असे आहे. लोक बचावाला कंटाळत नाहीत. धोका दिसेनासा झाला की कंटाळतात. मेंडोझा, तरुणपणचे अली, व्हिटेकर यांच्या बचावात धोका क्षणोक्षणी दिसत होता, म्हणून ज्याला पाहण्याची दृष्टी आली त्याला त्यात थरार मिळाला. ही दृष्टी जन्मजात नसते, शिकावी लागते. आणि ती शिकणे हा नुसता रसिकतेचा भाग नाही. जो प्रेक्षक फक्त लागलेला ठोसा मोजतो, त्याच्या टाळीसाठी कोणीतरी आपले डोके पुढे करीत असतो. टाळी संपते, प्रेक्षक घरी जातो. डोके ज्याचे त्याच्यापाशी राहते.

सातव्या फेरीतला टनी पहिल्याच प्रकारात बसतो, हे मला मान्य आहे. तो लांब पळाला. पण डोके बधिर झालेल्या माणसाने दोन मिनिटे लांब राहणे आणि पूर्ण शुद्धीत असलेल्याने बारा फेऱ्या लांब राहणे, यांत फरक करण्याइतका विवेक पाहणाऱ्यापाशी हवा. पहिल्याला हुर्यो करणे म्हणजे जखमी माणसाला उभा राहून मार खा म्हणणे होय.

शाळेतल्या गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. आज या लढतींच्या चित्रफिती सहज पाहायला मिळतात. मुलांना कुस्ती असो, कबड्डी असो की मुष्टियुद्ध, एखादी लढत दाखविताना एक खेळ करा. पहिली फेरी नेहमीसारखी पाहू द्या. दुसऱ्या फेरीत त्यांना सांगा, हातांकडे पाहू नका, फक्त पाय पाहा. तिसऱ्या फेरीत न लागलेले ठोसे मोजायला लावा. मग विचारा, कोण जिंकतोय? उत्तरे बदललेली दिसतील. आणि एखादा पोरगा, काहीच झाले नाही, असे वाटणाऱ्या क्षणी वस्तादासारखा ‘वा!’ म्हणाला, तर त्याला खेळ कळू लागला असे खुशाल समजा.